दहा हजार फेकींचा मासा

माझा पुतण्या अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात नोकरीला आहे. गेल्या दिवाळीला तो अमरावतीस आला तेव्हा त्याच्या सामानात एक लांबलचक नळकांडे होते. हिला वाटले, भिंतीवर लावायची चित्रे असतील. निघाली गळाची काठी! चार तुकड्यांची, जोडली की नऊ फुटांची. शिवाय डबाभर पिसांचे वीतवीत लांबीचे झुपके. "काका, या माशा," चिरंजीव म्हणाले. एवढी माशी मी आमच्या गोठ्यातही कधी पाहिली नव्हती.

तिकडच्या नद्यांत मस्की नावाचा मासा असतो. विस्कॉन्सिनचा तो राज्यमासा. चार फुटांपर्यंत वाढतो, आणि दात असे की दोरीच्या शेवटी तार बांधावी लागते. दहा हजार वेळा फेकावे तेव्हा एकदा लागतो, अशी तिथे म्हणच आहे. आपल्या साध्या गळात वजन आमिषाकडे असते, ते दोरीला ओढून नेते. इथे सारे उलटे. माशी हलकी, वजन दोरीला. काठीने ती दोरी मागेपुढे झुलवायची नि माशी अलगद नेऊन ठेवायची. बरे, मस्की माशीमागोमाग थेट होडीपर्यंत येतो आणि नुसता बघत राहतो! म्हणून प्रत्येक फेकीनंतर काठीचे टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठाचा आकडा काढायचा. झडप घातलीच तर तो त्या वळणावर घालतो. पुतण्याला सहा वर्षांत तीन मासे लागले, आणि तिन्ही त्याने सोडून दिले.

"सोडलेस ना? छान केलेस," ही म्हणाली. आमच्या घरात मासा शिजत नाही.

पण स्वारीचा खरा बेत दुसऱ्या दिवशी चकल्या खाताना बाहेर पडला. "काका, मला सिपनेवर जायचंय. बाबांच्या डोहावर."

माझे थोरले बंधू परतवाड्याला मास्तर होते. पोरवयात बांबूच्या काठीला दोरा बांधून ते सिपनेवर बसत. (कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग.) ही नदी मेळघाटातून वाहत तापीला मिळते, आणि तापी-नर्मदा ही महासीरची जुनी घरे. महासीर म्हणजे आपला मस्की म्हणा ना! जबड्यात एक दात नाही, पण घशातल्या दातांनी गळाचा आकडा चपटा करतो. एच. एस. थॉमस नावाच्या मद्रासच्या साहेबाने 1873 साली हिंदुस्थानातल्या गळावर जाडजूड पुस्तक लिहिले, त्यात या माशाचे कौतुक भरभरून आहे. 1946 साली म्हैसूरकडच्या काबिनी नदीत 120 पौंडांचा महासीर गळाला लागला होता. बंधूंना असले काही लागले नाही. पण "तुला एकदा नेईन" असे ते लेकाला म्हणत राहिले, आणि तीन वर्षांपूर्वी गेले.

मी नाही म्हटले. 1972 चा वन्यजीव कायदा, 1974 पासून मेळघाट व्याघ्रप्रकल्प. तिथे गळ टाकणे म्हणजे गुन्हा. "पण मी सोडून देणार आहे!" तो म्हणाला. कायद्याला ते कसे समजावणार? दोन दिवस पोरगा माझ्याशी धड बोलला नाही.

सोडून देणे हेही वाटते तितके सोपे नाही, हे मी त्याला सांगितले नाही. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावावर डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी 1970 च्या दशकात महासीरची कृत्रिम पैदास साधली. मोठे काम. तिथली पिल्ले देशभर गेली, तशी कावेरीतही सोडली गेली. पुढे या पाहुण्याने तिथे जम बसवला आणि कावेरीचा स्वतःचा कुबड्या महासीर विरळ होत गेला. त्याची शास्त्रीय ओळख 2018 साली नक्की झाली तोवर तो नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर होता.

शेवटी काठी घरी ठेवून आम्ही सेमाडोहला गेलो. पुलावरून खाली पाहिले. स्वच्छ पाणी, गोल दगड, आणि एका दगडाच्या सावलीला चारपाच काळसर पाठी प्रवाहाकडे तोंड करून स्थिर. महासीर होते की दुसरेच कुणी, देव जाणे. पुतण्या तासभर कठड्याला टेकून उभा होता. उजवा हात मात्र आपोआप आठाचा आकडा काढीत होता. मी बघितले न बघितलेसे केले.

परतीच्या आदल्या दिवशी अकोल्याच्या व्याह्यांकडे गेलो, तेव्हा काठी सोबत घेतली. गांधीग्रामला पूर्णा नदी आहे, तिथे अभयारण्य नाही. काळ्या मातीचे गढूळ पाणी, महासीरला न मानवणारे. तरी एका भोईदादांना विचारून त्याने दोरी झुलवायला सुरुवात केली. काठावर पंधरा पोरे जमली. दोन तासांनी हातभरदेखील नव्हे, बोटभर लांबीचा एक मासा माशीच्या मोहात पडला. मासा नि माशी साधारण एकाच मापाची. पुतण्याने हात ओला केला, हळूच आकडा काढला, मासा पाण्यात धरून ठेवला, सोडला.

भोईदादा इतका वेळ जाळे दुरुस्त करीत बसले होते. त्यांनी मान वर केली.

"सोडून देल्ला जी?"

"हो."

"मंग धरला कायले, बाप्पा?"

पुतण्या माझ्याकडे पाहू लागला. मी गांधीग्रामच्या गुडपट्टीचा पुडा सोडला आणि भोईदादांपुढे धरला. त्यांनी एक तुकडा घेतला, जाळे बाजूला ठेवले आणि म्हणाले, "आना, दाखवा मले बी, कसं फेकते थे."

अंधार पडेपर्यंत ते फेकीत होते. पोरगा त्यांच्या मनगटाला हात लावून शिकवीत होता. अगदी बंधूंसारखा, मास्तरी आवाजात.