पिशवी लावलेल्या माणसाची जमात

मोठ्या आतड्याचा कॅन्सर किंवा आतड्याचा दुसरा गंभीर आजार झाला, की कधी कधी पोटावर छिद्र करून आतड्याचं टोक बाहेर काढावं लागतं. मळ तिथून पिशवीत जमा होतो. याला ऑस्टॉमी म्हणतात. ऑपरेशनने जीव वाचतो. पण वासाची धास्ती, गळतीची भीती आणि लाज घरी आल्यावर सुरू होते. त्यावर सर्जनकडे औषध नसतं.

ते रुग्णांनीच शोधलं. १९५१च्या सुमारास न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमध्ये असे रुग्ण एकत्र येऊ लागले. क्यू आणि टी या वॉर्डांवरून त्यांच्या गटाचं नाव पडलं ‘क्यूटी’. १९५८मध्ये स्वतः पिशवी वापरणाऱ्या नॉर्मा गिल क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये इतर रुग्णांना शिकवू लागल्या. १९६२मध्ये अमेरिकेतल्या गटांची राष्ट्रीय संघटना झाली. आपल्या मुंबईतही ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया हेच काम करते.

आपल्या समाजात मात्र आणखी एक भीती असते: नापाकीची. पिशवी लागली म्हणून माणूस मशिदीत जाणं, कधी नमाजच सोडून देतो. खरं तर फिकहमध्ये अशा ‘माजूर’ माणसाला सवलत आहे. हनफी मतानुसार त्याने प्रत्येक नमाजच्या वेळेला नव्याने वजू करावा, एवढंच.

हे जुम्याच्या बयानात का सांगितलं जात नाही? ज्याला लाजेने घरात कोंडलंय, तो विचारायला येणार नाही. माझ्या मते, त्याच्यापर्यंत आपणच गेलं पाहिजे.