गाळणी कुणाच्या हाती?

परवा एका मित्राने अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातील एका तबकडीची ‘स्वच्छ’ केलेली प्रत ऐकवली. खरखर पार नाहीशी झाली होती. तिच्याबरोबर तंबोऱ्याची जवारही गेली होती, आणि ‘स’ व ‘श’ ओळखू येईनात. मित्र खूश होता. मला मात्र पाठचिकित्सेचा तास आठवला.

ध्वनी अंकांत साठवताना त्याचे सेकंदाला ठरावीक नमुने घेतात, सीडीसाठी ४४,१००. त्याच्या निम्म्याहून, म्हणजे २२,०५० हर्ट्झहून, वरचे कंप आधीच गाळले नाहीत तर ते खोटे रूप घेऊन श्राव्य पट्ट्यात उतरतात आणि मग वेगळे काढता येत नाहीत. ही गाळणी अपरिहार्य आहे. ऐकतानाचे डिजिटल फिल्टर मात्र केव्हाही बदलता येते. तरी हौशी मंडळींचा सगळा वाद त्यावरच: ‘लिनिअर फेज’ की ‘मिनिमम फेज’? पहिल्यात तबल्याच्या थापेनंतर आणि थापेच्या आधीही एक सूक्ष्म कंप उमटतो. दुसऱ्यात तो केवळ नंतर येतो, पण वरच्या स्वरांशांची कालसंगती किंचित सरकते. बावीस हजारांच्या आसपास हे बहुतेक कानांना कळतही नाही. (वाद घालायला अर्थात कळण्याची गरज नसते.) पाच हजारांवर उभी भिंत घातली, की ते कळू लागते. जुन्या तबकड्या साफ करताना पुष्कळदा नेमकी अशीच भिंत घातली जाते.

१९२५पूर्वीच्या, भोंग्यासमोर गायलेल्या तबकड्यांत वरचे स्वरांश मुळातच फारसे नाहीत. तेथे कापल्याने फार बिघडत नाही. विद्युत ध्वनिमुद्रणानंतर मात्र खरखर आणि ऊष्म वर्ण एकाच पट्ट्यात नांदतात. त्यांतले काय ठेवायचे, हे यंत्र ठरवत नाही, संपादक ठरवतो. आणि हा संपादक आपले नाव लिहीत नाही की निकष सांगत नाही, ही माझी तक्रार आहे. भांडारकर संस्थेच्या, १९६६ साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने वगळलेले श्लोकही तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारसही त्याच जातीची आहे: जतनाची प्रत कोणतीही साफसफाई न करता, किमान ४८,००० नमुने आणि २४ बिट राखून घ्यावी, साफसफाई नंतरच्या प्रतींवर करावी.

मित्राकडे न गाळलेली प्रत मागितली. जागा हवी म्हणून त्याने ती पुसली होती. तबकडी त्याआधीच विकली होती.