रोटी घाट चढण्याआधी

ज्येष्ठाचा वद्य पक्ष सरू लागला, की दौंड तालुक्यातली माणसं आपसूक सोलापूर रस्त्याकडे कान देऊ लागतात. देहूहून वद्य सप्तमीला निघालेली तुकोबारायांची पालखी पुण्याचा पाहुणचार घेऊन लोणी काळभोरला विसावते आणि तिथून लांबची मजल मारून यवतला येते. यवतकरांची पिठलं-भाकरी, मग वरवंड, पाटस आणि पुढे रोटी घाटाची चढण. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 मध्ये सुरू केलेला हा सोहळा आपल्या शिवारातून जातो, याचं आपल्याला केवढं अप्रूप! शिरूर तालुक्यातूनही माणसं पेरणीचा अंदाज घेत, कुणी दिंडीबरोबर, कुणी एकटी-दुकटी, या वाटेला येऊन मिळतात. घाट आला, की रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या जातात आणि चढ सरतो. जादा बळ लागतं तिथे ते आधीच सिद्ध ठेवावं, ही रीत आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलो आहोत.

वारी दारावरून जाते, तेव्हा प्रत्येक गावात काही माणसं ओसरीवरूनच हात जोडतात. गेल्या वर्षीपर्यंत ज्यांच्या खांद्यावर पताका होती, त्यांच्यापैकी कुणाची बायपास झालेली असते, कुणाचा एक हात-पाय अर्धांगाने लुळा पडलेला असतो, कुणाला चार पावलांत दम लागतो, कुणाची शुगर कित्येक वर्षं ताळ्यावर नसते. घरच्यांची माया तर अशी, की पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून द्यायचा. ‘अण्णा, तुम्ही उठू नका, आम्ही आहोत ना,’ हे वाक्य आपल्या घरांत सेवा म्हणून उच्चारलं जातं आणि त्यातलं प्रेम शंभर टक्के खरं असतं. तरीही या वारीच्या निमित्ताने आपण त्या वाक्याचा पुन्हा विचार करावा, असं वाटतं. दुखण्यातून उठलेल्या माणसाला खाटेइतकीच, किंबहुना खाटेपेक्षा अधिक, गरज असते ती बेताबेताने चालण्याची, आणि ते चालणंही औषधासारखं मात्रेने द्यावं लागतं.

एके काळी डॉक्टरही हेच सांगत, की हृदयविकाराचा झटका आला, तर कित्येक आठवडे पडून राहा. 1952 मध्ये सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन या अमेरिकी डॉक्टरांनी अशा रुग्णांना पलंगावरून उठवून खुर्चीत बसवण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. त्या काळी हा मोठा धीटपणा होता. पुढे 1966 मध्ये डॅलस शहरात विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आलं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असं दिसलं, की तीस वर्षांच्या वयाने त्यांची दमश्वासाची ताकद जितकी घटवली नव्हती, तितकी त्या तीन आठवड्यांच्या झोपून राहण्याने घटवली होती. तरण्याताठ्या शरीराची ही गत, तर साठीच्या आणि त्यात आजाराने खचलेल्या शरीराचं सहा महिने खाटेवर काय होत असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

‘आमच्या शेतकऱ्याला कसला आलाय व्यायाम? कामातच सगळं होतं,’ असं आपण म्हणतो. ते कधीकाळी खरं होतंही. आज ट्रॅक्टरने नांगरट होते, ठिबकचा कॉक फिरवला की उसाला पाणी लागतं, बांधापर्यंत मोटारसायकल जाते आणि रांजणगावच्या कारखान्यांत पाळी करणारी मुलं कामाच्या जागेवरच तासन्‌तास अडकलेली असतात. ऊसतोडीला आलेल्या बायाबापड्यांचं शरीर मात्र उरीपोटी झिजतं, तोही व्यायाम नव्हे. आपल्या शरीराची घडणही थोडी निराळी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. आपली बाळं वजनाने कमी, पण त्या मानाने अंगात चरबी राखून जन्माला येतात, हे त्यातून दिसलं. वरून सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसाला मधुमेह का गाठतो, याचं एक कारण तिथे आहे. देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज 2023 मध्ये आला, तो आपल्या वाड्यावस्त्यांना वगळून नव्हे.

मधुमेह्याने चालावं, हे आपल्या परंपरेला परकं नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या निर्धन रुग्णाला शंभर योजनं चालायला, गाईंच्या मागे हिंडायला, विहीर खणायला सांगितलं आहे. चालताना स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न पाहता ओढून घेतात, हे शास्त्राने पुढे उलगडलं. एक गोष्ट मात्र आज बदलायला हवी. सुश्रुत अनवाणी चालायला सांगतो, पण ज्याच्या पावलांची संवेदना मधुमेहाने गेली आहे त्याने वारीतही अनवाणी पाऊल टाकू नये. टोचलेला काटा त्याला कळतच नाही. विठ्ठल पायातल्या वहाणेवर रुसणार नाही.

मात्रेची गोष्टही जुनीच. व्यायाम आपल्या अर्ध्या शक्तीनेच करावा, असं आयुर्वेदाचं सांगणं. आजचे फिजिओथेरपिस्ट तेच दुसऱ्या रीतीने सांगतात, की चालताना सोबत्याशी बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं, तर वेग कमी करा. सहा मिनिटांत सपाट जागेवर किती अंतर कापलं हे मोजून ते सुरुवात ठरवतात, मग दर आठवड्याला थोडी भर. दमेकरी माणसाला वाटतं, की दोष छातीचा आहे. खरं तर बसून बसून मांड्याही गळून गेलेल्या असतात. म्हणून खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं हासुद्धा त्याचा मोठा उपचार. गुडघे धरलेल्या आपल्या आयांनाही मांडीच्या स्नायूंचं हेच बळ तारतं. छातीत दुखलं, भोवळ आली, घाम फुटला तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा. इन्सुलिन घेणाऱ्याने खिशात साखर ठेवायची. आणि हे सगळं सुरू करण्याआधी डॉक्टरांचा होकार घ्यायचा, यात कसूर नको.

खर्चिक यंत्रांवाचून हे जमतं का? भारतातल्या 24 रुग्णालयांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 3,959 रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाचा प्रयोग झाला. 2020 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मृत्यू निश्चितपणे घटले, असं त्यातून म्हणता आलं नाही. पण योग शिकलेल्यांना आपली प्रकृती अधिक बरी वाटू लागली आणि ते आपल्या आधीच्या कामधंद्याला अधिक चांगले लागले. घरी बसलेला कर्ता माणूस पुन्हा गोठ्यात, दुकानात, शेतात जाऊ लागला, तर ती आपल्या घरांसाठी लहान गोष्ट नव्हे.

अडचण ज्ञानाची कमी आणि पोहोचण्याची अधिक आहे. बायपास पुण्यात होते, घरी येताना पिशवीत गोळ्या असतात आणि चालण्याची मात्रा सांगणारा माणूस मागे पुण्यातच राहतो. शिरूरच्या टोकाच्या गावातून आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला कोण जाणार? पण याच शिरूर तालुक्यात, वढू बुद्रुकच्या परिसरात, डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात गावातल्याच साध्या बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन उभं केलं होतं. त्या कामासाठी 1993 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाळंतपण आणि लसीकरण ज्या वाटेने घराघरांत गेलं, त्याच वाटेने हेही जाऊ शकतं. आपल्या आशाताईंना बेताच्या व्यायामाचं शिक्षण आणि त्याचा मोबदला मिळावा, हे मागणं आपण उपकेंद्रापासून जिल्हा परिषदेपर्यंत लावून धरलं पाहिजे.

काही गोष्टींना मात्र कुणाच्या मंजुरीची गरज नाही. नगर रस्ता आणि सोलापूर रस्ता चालण्याजोगे उरलेले नाहीत. उसाच्या ट्रॉल्यांच्या कडेने आजारी माणसाला कुणी पाठवणार नाही. तेव्हा शाळेचं मैदान सकाळी तासभर उघडं राहावं. बाईमाणूस एकटी फिरायला निघाली, तर लोक काय म्हणतील, हा धाक अजून आपल्या आळ्यांत आहे. दोघी-तिघी मिळून निघाल्या, तर तो आपोआप ओसरेल. आजारातून उठलेल्याने उद्याच पालखीमागे निघावं, असं कुणी सुचवू नये. वारीची मजल हा उपचाराचा पहिला दिवस नव्हे. पंढरीहून परतलेल्या दिंडीने मात्र वर्षभराचं एक काम अंगावर घ्यावं. गावात ज्या घरी कुणी दुखण्यातून उठलं आहे, तिथे दिंडीतल्या एकाने सकाळी जावं, ‘चला तात्या, मारुतीपर्यंत जाऊन येऊ,’ म्हणावं आणि त्यांच्या पावलाने चालावं. कार्तिकीपर्यंत मारुती, माघीपर्यंत वेशीबाहेरचा ओढा, चैत्रात पलीकडची वस्ती. पुढच्या ज्येष्ठात डॉक्टर हो म्हणाले, तर पाटसपासून रोटी घाटाच्या पायथ्यापर्यंत तात्या पालखीसोबत चालतील आणि तिथून त्यांना घरी आणायला मुलगा गाडी घेऊन येईल.