वेबसाइटचा सातबारा कुणाच्या नावावर?



वेबसाइटच्या व्हिडिओखाली काही प्रश्न ठरलेलेच असतात. यूआय-यूएक्स म्हणजे काय? लँडिंग पेज म्हणजे काय? स्टॅटिक घ्यावी की डायनॅमिक? प्रश्न चांगले आहेत, त्यांची उत्तरं खाली देतोच. पण माझं स्पष्ट मत सांगतो. नवा धंदेवाला हे शब्द उलट्या क्रमाने शिकतो. कोटेशनमध्ये जे शब्द भारी वाटतात ते आधी पाठ होतात. ज्या शब्दांवर मालकी ठरते, म्हणजे डोमेन, रजिस्ट्रार, लॉगिन, ते मात्र "टेक्निकल आहे, डिझायनर बघून घेईल" म्हणून सोडून दिले जातात. रंग आवडला नाही तर उद्या बदलता येतो. नाव हातातून गेलं तर पॅकिंगवर, व्हिजिटिंग कार्डावर, टेम्पोच्या मागे छापलेला पत्ताच गेला.

म्हणून आज सुरुवात शेवटच्या शब्दांपासून.

समजा कोल्हापुरात तुमचा घरगुती कांदा-लसूण मसाल्याचा धंदा आहे. तुमच्या मसाल्याच्या नावापुढे डॉट कॉम किंवा डॉट इन लागून जो पत्ता तयार होतो, ते तुमचं डोमेन. हे नाव नोंदवून देणारी कंपनी म्हणजे रजिस्ट्रार. डॉट इन ची मुख्य नोंदवही निक्सी ह्या भारतीय संस्थेकडे असते. डॉट कॉम वगैरेचे नियम आयकॅन ही जागतिक संस्था ठरवते. तुमचा संबंध मात्र येतो तो रजिस्ट्रारशी, आणि तिथे तुमचं खातं असायला हवं.

मी ह्याला वेबसाइटचा सातबारा म्हणतो. काटेकोर बोलायचं तर भाडेपट्टा म्हणायला हवं, कारण डोमेन कायमचं विकत मिळत नाही. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं, नंतर मुदत वाढवत राहायची. पण पट्टा कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न सातबाऱ्याइतकाच महत्त्वाचा.

आपल्याकडे बहुतेक वेळा काय होतं? डिझायनर म्हणतो, "सर, डोमेन-होस्टिंग पॅकेजमध्येच आहे, तुम्ही टेन्शन घेऊ नका." तो स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डाने नाव घेतो. ह्यात दर वेळी लबाडी असते असं मी म्हणणार नाही. बऱ्याचदा गिऱ्हाईकच ईमेल द्यायला कंटाळा करतं, ओटीपी सांगायला दुपारी फोन उचलत नाही, मग डिझायनर आपल्या खात्यातून काम उरकतो. पण पुढे त्याने धंदा बदलला, शहर सोडलं, किंवा तुमचं त्याचं बिलावरून वाजलं, की तुमच्या धंद्याचं नाव त्याच्या कपाटात आणि किल्ली त्याच्या खिशात.

मग भांडत बसायचं. भांडायचे मार्ग आहेत, नाही असं नाही. डॉट इन साठी निक्सीची तक्रार-पद्धत आहे, पण तिथे त्या नावावर तुमचा हक्क आहे, समोरच्याचा नाही आणि त्याने वाईट हेतूने ते घेतलंय, हे सगळं दाखवावं लागतं. ट्रेडमार्क नोंदवलेला असेल तर बोलायला जागा असते. घरगुती धंद्याकडे सुरुवातीला तो बहुधा नसतो. वकिलाची फी आणि डोमेनची वर्षाची फी ह्यांची तुलना केलीत तर पहिल्याच दिवशी दहा मिनिटं घालवून नाव आपल्या खात्यात घेणं किती स्वस्त ते कळेल.

मुदत संपली तर काय होतं, हेही समजून घ्या. डॉट कॉमच्या बाबतीत मुदत संपल्यावर लगेच नाव दुसऱ्याकडे जात नाही. आधी रजिस्ट्रार काही दिवसांची सवलत देतो, ती जास्तीत जास्त ४५ दिवसांपर्यंत असू शकते. त्यानंतर ३० दिवसांचा टप्पा, त्यात नाव परत मिळतं पण वर दंडासारखी जादा रक्कम पडते. मग ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि नंतर जो आधी येईल त्याला ते नाव मोकळं. ह्या सगळ्या काळात आठवणीचे ईमेल जातात. कुणाच्या ईमेलवर? ज्याचा पत्ता खात्यात आहे त्याच्या. तो तुमचा नसेल तर तुम्हाला पत्ता लागतो तो थेट "साइट उघडत नाही" असं गिऱ्हाईक सांगतं तेव्हा. आणि एक गोष्ट लोक विसरतात: त्याच डोमेनवर तुमचा धंद्याचा ईमेल असेल तर साइटबरोबर तोही बंद पडतो. ऑर्डरी, बँकेचे मेल, जीएसटीचे मेल, सगळं अडकतं.

आता होस्टिंग. डोमेन हा पत्ता, तर होस्टिंग म्हणजे भाड्याचा गाळा. वेबसाइटच्या फायली जिथे ठेवल्या जातात त्या सर्व्हरवरची जागा. गाळा बदलला तरी पत्ता तोच ठेवता येतो, म्हणून पत्ता हातात असेल तर होस्टिंगवाल्याशी बिघडलं तरी घाबरायचं कारण नाही, फक्त बॅकअप आपल्याकडे हवा. बॅकअप म्हणजे पूर्ण साइटची प्रत, महिन्यातून एकदा तरी स्वतःच्या ड्राइव्हवर उतरवून घ्या. "अनलिमिटेड" ह्या शब्दावर भाळू नका. बारीक अक्षरात फायलींच्या संख्येला, वापराला मर्यादा असतेच. आणि पहिल्या वर्षाचा भाव बघून सही करू नका, दुसऱ्या वर्षाचा भाव विचारा. तो बऱ्याचदा वेगळा निघतो.

एसएसएल हा कोटेशनमध्ये वेगळी रक्कम लावण्याचा आवडता शब्द. ह्याचं काम एवढंच की गिऱ्हाइकाच्या फोनपासून तुमच्या सर्व्हरपर्यंत जाणारी माहिती मधल्या कुणाला वाचता येऊ नये. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस दिसतं ते ह्याच्यामुळे. गुगलच्या क्रोमने जुलै २०१८ पासून ज्यांच्याकडे हे नाही अशा साइटवर "सुरक्षित नाही" असा शेरा दाखवायला सुरुवात केली, त्यामुळे हे हवंच. पण लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा हे प्रमाणपत्र फुकट देते आणि बरेच होस्टिंगवाले ते आपणहून बसवून देतात. साध्या पाच पानांच्या साइटला एसएसएलचे वेगळे हजारो रुपये कुणी मागत असेल तर "कोणतं प्रमाणपत्र आहे आणि फुकटचं का चालणार नाही?" एवढं विचारा. आणखी एक: एसएसएल आहे म्हणजे साइट प्रामाणिक आहे असा अर्थ नाही. फसवणुकीच्या साइटवरही ते असतं. ह्या गैरसमजामुळेच क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह काढून टाकलं.

आता तुमच्या आवडीच्या शब्दांकडे येतो, पण थोडं झपझप.

स्टॅटिक म्हणजे पानं तयार करून ठेवलेली, जशी आहेत तशी उघडतात. डायनॅमिक म्हणजे मागे माहितीचा साठा असतो आणि कुणी पान उघडलं की त्यातून ते तयार होतं. ऑनलाइन ऑर्डर, स्टॉक, ग्राहकाचं खातं हवं असेल तर डायनॅमिक लागते. फोटो सरकतात, अक्षरं उडत येतात, म्हणून साइट डायनॅमिक होत नाही. हा फरक न कळल्यामुळे सरकत्या फोटोंसाठी जादा पैसे मोजले जातात. माझं मत विचाराल तर मसालेवाले, केटरर, क्लासेस, इलेक्ट्रिशियन ह्यांच्या पहिल्या साइटला स्टॅटिक पुरते. चार-पाच पानं, फोन नंबर, व्हॉट्सअॅपचं बटण, संपलं.

सीएमएस म्हणजे कोड न लिहिता स्वतः मजकूर बदलण्याची सोय. वर्डप्रेस त्यातलं सगळ्यात माहितीचं नाव. २००३ पासून आहे आणि मूळ सॉफ्टवेअर फुकट आहे. पैसे जातात ते थीम, प्लगिन आणि माणसाच्या मेहनतीचे, आणि मेहनतीचे पैसे द्यायलाच हवेत. पण "अॅडमिन" पातळीचं लॉगिन तुमच्याकडे हवं. "एडिटर"चं देऊन बोळवण केली तर मजकूर बदलता येईल, साइट ताब्यात येणार नाही.

रिस्पॉन्सिव्ह म्हणजे स्क्रीनच्या मापाप्रमाणे मांडणी आपोआप जुळवून घेणारी साइट. हा शब्द ईथन मार्कॉट ह्या डिझायनरच्या २०१० च्या लेखातून रुळला. आज ही चैनीची गोष्ट राहिलेली नाही, त्यामुळे कोटेशनमध्ये "रिस्पॉन्सिव्ह डिझाइन – जादा" अशी ओळ दिसली तर भुवया उंचवायला हरकत नाही. तपासणी डिझायनरच्या मोठ्या मॉनिटरवर करू नका. घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर, वायफाय बंद करून उघडा.

यूआय म्हणजे जे दिसतं ते: बटणं, रंग, अक्षरं. यूएक्स म्हणजे वापरताना येणारा अनुभव. भाव शोधायला चार पानं पालथी घालावी लागली तर यूआय कितीही देखणा असो, यूएक्स वाईट. लँडिंग पेज म्हणजे जाहिरातीवरून माणूस जिथे उतरतो ते एकच पान, एकाच कामासाठी केलेलं. दिवाळी फराळाची जाहिरात असेल तर फराळाच्या ऑर्डरचं पान, कंपनीचा इतिहास नको.

मराठी मजकुराबद्दल एक आडवाट. जाहिरातवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आणाल तर साइटवर तो अगम्य चिन्हांसारखा दिसेल. युनिकोडमध्येच मागा. आणि मराठी मजकुराचा फोटो करून चिकटवू देऊ नका, कारण मग तो गुगलला नीट वाचता येत नाही आणि अंध माणसाच्या फोनलाही बोलून दाखवता येत नाही. मुक्तसारखे सुंदर देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात, मुंबईच्या एकटाइपने केलाय तो.

एसइओ म्हणजे शोधणाऱ्याला तुमची साइट सापडावी म्हणून केलेली कामं. ते खरं काम आहे, सावकाश चालणारं. पण "पहिल्या नंबरची गॅरंटी" देणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा. अशी गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलने स्वतः लिहून ठेवलंय. स्थानिक धंद्याला आधी गरज असते ती गुगल बिझनेस प्रोफाइलची, जे फुकट आहे. इथेही तोच मुद्दा: मालक तुम्ही राहा, मदत करणाऱ्याला "मॅनेजर" म्हणून जोडा. आपला पासवर्ड किंवा ओटीपी देऊन टाकू नका.

एक शब्द कोटेशनमध्ये सहसा नसतोच: कॉपीराइट. पैसे दिले म्हणजे साइट आपली, असं आपण धरून चालतो. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या माणसाकडून कोड लिहून घेतला आणि लेखी काही ठरलं नाही, तर कोडचा पहिला मालक सहसा तो लिहिणाराच असतो. हक्क तुमच्याकडे यायला लेखी, सहीनिशी कागद लागतो. त्यातही मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचं वेगळं आहे, तिथे उलटा करार नसेल तर हक्क काढून घेणाऱ्याचा. म्हणजे कोटेशनवर दोन ओळी वाढवून घ्यायच्या: पूर्ण पैसे मिळाल्यावर तयार केलेल्या साइटचे सर्व हक्क कायमस्वरूपी आणि जगभरासाठी ग्राहकाकडे. काम मोठं असेल तर हा मसुदा वकिलाला दाखवा.

काही डिझायनर मित्रांना हे सगळं आवडणार नाही. ते म्हणतील, गिऱ्हाईक पैसे बुडवतं, म्हणून डोमेन हातात ठेवावं लागतं. गिऱ्हाईक पैसे बुडवतं हे खरं आहे. मग अर्धे पैसे आधी घ्या, पूर्ण रक्कम येईपर्यंत साइट लाइव्ह करू नका, तो तुमचा हक्क आहे. पण नाव ओलीस ठेवणं हा वसुलीचा मार्ग नाही.

ज्यांचं डोमेन आज डिझायनरच्या खात्यात आहे, त्यांनी भांडण काढू नये. संबंध चांगले असतानाच साधा मेसेज टाका: "दादा, हिशेबासाठी डोमेन माझ्या नावावर घ्यायचं आहे. मी त्याच रजिस्ट्रारकडे खातं उघडलंय, त्यात हलवून द्याल का? जे काही चार्जेस असतील ते सांगा." एकाच रजिस्ट्रारच्या दोन खात्यांत नाव हलवणं सहसा सोपं असतं. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं असेल तर ट्रान्स्फर कोड लागतो, आणि डॉट कॉम नुकतंच घेतलेलं किंवा हलवलेलं असेल तर ६० दिवस थांबावं लागतं. नाव आलं की त्याच दिवशी नोंदणीतलं नाव, ईमेल, मोबाइल तपासा, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा आणि ऑटो-रिन्यूला लावलेलं कार्ड कोणत्या महिन्यात संपतंय ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा देऊ नका, वेगळा जीमेल द्या, नाहीतर डोमेन बंद पडल्यावर ते चालू करायचा मेलही तुम्हाला मिळणार नाही.