झाडे मोजू नका, चिखल वाचवा

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील सुमारे २२ हजार खारफुटीची झाडे तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. त्या बदल्यात पाचपट लागवडीची हमी देण्यात आली. किनाऱ्यावर प्रकल्प आला की असाच हिशेब मांडला जातो. तो मुळातच चुकीचा आहे.

कारण खारफुटीची खरी पुंजी तिच्या पायाखालच्या चिखलात असते. भरतीबरोबर आलेला गाळ आणि गळालेला पाला मुळांच्या जाळ्यात अडकतो, थरावर थर साचतो. या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच. ओहोटीच्या वेळी तिवराच्या भोवती जी शेकडो श्वसनमुळे टोके वर काढून उभी दिसतात, ती त्याचसाठी. प्राणवायू नसल्याने गाडलेला पाला कुजायला फार वेळ लागतो आणि त्यातला कार्बन शतकानुशतके तिथेच राहतो. हिंदी व प्रशांत महासागरांच्या पट्ट्यातील २५ खारफुटी जंगलांच्या २०११ सालच्या अभ्यासात हेक्टरी सरासरी हजार टनांहून अधिक कार्बन आढळला आणि त्यातला बहुतांश वाटा जमिनीतला होता. ती जमीन खणली, तिचा निचरा केला, की चिखलाला हवा लागते आणि साठलेला कार्बन वातावरणात जातो. दुसरीकडे लावलेली पाचपट रोपे तो आपल्या हयातीत परत आणू शकत नाहीत.

शिवाय रोपे तगतात का, हाही प्रश्न आहेच. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत मोठ्या उत्साहाने खारफुटी लावली गेली. जागा चुकल्या, देखभाल झाली नाही आणि बहुतेक ठिकाणची लागवड मरून गेली. केंद्राच्या ‘मिष्टी’ योजनेत पाच वर्षांत ५४० चौरस किलोमीटरवर खारफुटी उभी करायची आहे. हा धडा तिथे लक्षात ठेवला पाहिजे. जिथे पाण्याची वाट बंद झाली आहे, तिथे आधी ती वाट मोकळी करावी लागते. रस्त्याखालची बुजलेली मोरी साफ केली, राडारोडा उचलला, भरतीचे पाणी पुन्हा आत-बाहेर करू लागले, की तिवराचे बी आपणहून वाहत येते. कांदळाचे बी तर झाडावर असतानाच रुजते आणि हातभर कोंब घेऊन चिखलात पडते. या कामात रोपे मोजून फोटो काढता येत नाहीत, म्हणून ते मागे पडते.

२०२३ च्या वन सर्वेक्षण अहवालानुसार देशात सुमारे ४,९९२ चौरस किलोमीटर खारफुटी आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातली तीनशेहून थोडी अधिक. इतक्या थोड्या ठेव्याबाबत राज्याने कायद्याची बाजू बरीच भक्कम केली, हे मान्य करायला हवे. २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष आला. २०१८ च्या निकालात उच्च न्यायालयाने खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला ठरवला आणि भोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितले. तरीही रात्रीच्या अंधारात डंपर रिकामे होतातच.

रायगडच्या खारेपाटातील शेतकऱ्याचे दुखणे मात्र वेगळे आहे आणि पर्यावरणवाद्यांनी ते ऐकलेच पाहिजे. बांधांची आणि पाण्याच्या दारांची म्हणजे उघाड्यांची डागडुजी वेळेवर झाली नाही, खांडी पडल्या, खारे पाणी भातशेतीत शिरले आणि मागोमाग खारफुटी आली. आज सातबारा त्याच्या नावावर आहे, पण पीक नाही आणि झाड तोडायचीही सोय नाही. ज्याला शेती करायची आहे, त्याच्या शेतात पाणी शिरण्याआधीच बांध दुरुस्त झाला पाहिजे. जिथे खारफुटी वाढून जंगल झाले आहे, तिथे ते राखण्याचा मोबदला त्या मालकाला दरवर्षी मिळाला पाहिजे. कार्बनचे फायदे साऱ्या जगाला आणि तोटा एकट्या खारेपाटाला, हा व्यवहार टिकणार नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून खारफुटी दाखवतात आणि त्यावर कमावतात. राखणदाराला उत्पन्न मिळाले की राखण होते.

यापुढे किनाऱ्यावरील प्रत्येक प्रकल्पाच्या परवानगीत जमिनीतल्या कार्बनची मोजणी सक्तीची करावी आणि आजवरच्या भरपाई लागवडीतली किती झाडे जगली, हे सरकारने जागेनिशी जाहीर करावे. नागरिकांनीही गप्प बसू नये. न्यायालयाच्या आदेशाने कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली खारफुटी संरक्षण समिती आहे. भराव पडताना दिसला तर तारखेनिशी, छायाचित्रासह तक्रार तिच्याकडे द्या आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा.