गाडी आपली की फायनान्सची?

आपल्या वस्त्यांमध्ये आता चारचाकी येऊ लागली आहे. ज्यांच्या आज्याने पायात वहाण घालून गावात फिरणे गुन्हा ठरत होते त्यांचा नातू आज दारात गाडी उभी करतो, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. जे लोक याला 'दिखाऊपणा' म्हणून नाक मुरडतात, त्यांना आम्ही आधीच सांगून ठेवतो की वाहन हा आपल्यासाठी फक्त चैनीचा विषय कधीच नव्हता. १९०१ च्या सुमारास लहानग्या भीमरावाला मसूर स्टेशनवरून कोरेगावला जायचे होते. जात कळल्यावर एकही बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, मुलांनी स्वतःच गाडी हाकायची या अटीवर गाडी मिळाली. १९२९ मध्ये चाळीसगावला तेच झाले. बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांना घेऊन जायला टांगेवाल्याने नकार दिला, वस्तीतल्या माणसाने सवय नसताना टांगा हाकला, टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. वाहन दुसऱ्याच्या मालकीचे असले की प्रवासही दुसऱ्याच्या मर्जीवर होतो, हे आपण पिढ्यानपिढ्या भोगले आहे.

म्हणूनच आमचा प्रश्न गाडी घ्यावी की नाही, हा नाही. गाडी घ्यावीच. प्रश्न आहे तो मालकीचा. दसऱ्याला हार घालून, पेढे वाटून घरी आणलेली गाडी खरोखर कोणाची असते? आरसी बुक उघडून बघा. तुमच्या नावाखाली हायपोथिकेशनच्या रकान्यात बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव असते. शेवटचा हप्ता फिटून, एनओसी मिळून, फॉर्म ३५ भरून ते नाव निघेपर्यंत गाडीवर तुमच्याआधी त्यांचा हक्क असतो.

आता हिशोब मांडू. बाबासाहेब अर्थशास्त्राचे डॉक्टर होते आणि रुपयाच्या प्रश्नावर १९२३ मध्ये त्यांनी ग्रंथ लिहिला. त्यांच्या अनुयायांनी स्वतःच्या घरातला रुपया मोजायला लाजू नये.

समजा, आठ लाखांची नवी गाडी आहे. हातात दोन लाख आहेत आणि सहा लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले. हप्ता येतो सुमारे १२,७५० रुपये. पाच वर्षांत सहा लाखांचे ७ लाख ६५ हजार भरले जातात. म्हणजे गाडी पडली ९ लाख ६५ हजारांना. एजंट म्हणतो, 'सात वर्षांचे करा, हप्ता दहा हजारांच्या आत बसवतो.' बसतोही. पण मग व्याज १ लाख ६५ हजारांवरून २ लाख ३६ हजारांवर जाते. हप्ता कमी होणे म्हणजे कर्ज स्वस्त होणे नव्हे.

आणि पाच वर्षांनी त्या गाडीची किंमत काय उरते? विमा कंपन्या गाडीची विम्यातली किंमत ठरवताना जी घसारा पद्धत वापरतात, तिच्यात एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीन वर्षांना ३०, तीन ते चार वर्षांना ४० आणि चार ते पाच वर्षांना ५० टक्के घट धरतात. आठ लाखांची गाडी पाचव्या वर्षी त्यांच्या कागदावर चार लाखांची असते. जी वस्तू दरवर्षी घटते, तिच्यासाठी दरवर्षी व्याज भरायचे, असा हा व्यवहार आहे.

याच घटीचा फायदा जुनी गाडी घेणाऱ्याला मिळतो. पहिल्या मालकाने सोसलेले नुकसान आपल्याला सोसावे लागत नाही. चार-पाच वर्षांची, नीट वापरलेली तीच गाडी चार लाखांच्या आसपास मिळत असेल, तर बघा: हातात दोन लाख आहेतच. जो १२,७५० चा हप्ता तुम्ही बँकेला द्यायला तयार होता, तोच सोळा महिने स्वतःच्या रिकरिंग खात्यात टाका. दोन लाख चार हजार जमतात. सोळा महिन्यांनी रोख पैसे मोजून गाडी घ्या. आरसीवर एकच नाव, तुमचे. पुढची साडेतीन वर्षे तो हप्ता घरात राहतो. त्यातून बहिणीची फी भरली जाते, घराची स्लॅब पडते, स्पर्धा परीक्षेच्या क्लासचा खर्च निघतो.

कोणी म्हणेल, सोळा महिने थांबणे शक्य नाही. आई-वडिलांना दर आठवड्याला दवाखान्यात न्यावे लागते. मान्य. मग चार लाखांच्या जुन्या गाडीसाठी फक्त दोन लाखांचे कर्ज घ्या. जुन्या गाडीला व्याजदर जास्त असतो. चौदा टक्के धरा, दोन वर्षांची मुदत धरा. हप्ता सुमारे ९,६०० आणि एकूण व्याज साधारण तीस हजार. दर जास्त असूनही व्याज पाचपटीहून कमी, कारण रक्कम लहान आहे आणि मुदत छोटी आहे. फक्त टक्केवारी विचारून परत येऊ नका, एकूण किती रुपये जाणार ते विचारा.

इथे एका फसवणुकीपासून सावध करतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात 'फक्त दहा टक्के' असे सांगितले जाते, पण तो फ्लॅट रेट असतो. सहा लाखांवर फ्लॅट दहा टक्क्यांनी पाच वर्षांचे व्याज तीन लाख होते, हप्ता १५,००० होतो. घटत्या शिलकीवर हाच दर सव्वासतरा टक्क्यांच्या जवळ जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांसाठी 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणे बंधनकारक केले आहे. त्यात सर्व खर्चासह वार्षिक दर लिहिलेला असतो. तो कागद मागा. देत नसतील तर उठून या.

जुनी गाडी म्हणजे डोकेदुखी, हा आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. डोकेदुखी होते ती न तपासता घेतल्यावर. ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्या. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला इतिहास काढून मीटर मागे फिरवलेला नाही ना, ते बघा. कार्पेट उचलून खाली गंज किंवा चिखल आहे का पाहा. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून विकायला येतात. चलन बाकी आहे का, आधीचे कर्ज फिटले आहे का, हे परिवहनच्या संकेतस्थळावर तपासा. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. पण एनओसी, इथली नोंदणी आणि इथला रोड टॅक्स धरला की स्वस्ताई कुठल्या कुठे जाते. दुरुस्तीसाठी थोडी रक्कम पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवाच.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे गाडी नावावर करून घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या घेऊन वर्षानुवर्षे फिरणारे आपल्यात कमी नाहीत. आणि तुम्ही जुनी गाडी विकत असाल तर अधिक जपा. आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, त्यालाच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरले जाईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. विकलेल्या गाडीच्या अपघाताची नोटीस तुमच्या दारात येऊ शकते.

आता लीजविषयी. नोकरदाराला कंपनीच लीजवर गाडी देत असेल आणि पगार वरच्या कराच्या टप्प्यात असेल, तर त्यात कराची बचत होऊ शकते. तो हिशोब वेगळा आहे. पण आपली बहुसंख्य मुले लीजला भिडतात ती ड्रायव्हर म्हणून. अनामत भरायची, रोजचे भाडे द्यायचे, ॲपचे कमिशन द्यायचे, सीएनजी आपला, घाम आपला. आजारी पडलो तरी भाडे चालू. शेवटी चावी परत दिली की हातात काही नाही. कष्ट आपले आणि मालकी दुसऱ्याची, ही व्यवस्था आपल्याला नवी नाही. शिकण्यापुरते, सहा महिने लीजवर चालवा. त्यातच आयुष्य घालवू नका.

धंद्यासाठी गाडी घ्यायची असेल तर कर्जाला आमचा विरोध नाही, कारण ती गाडी कमावते. पण महिन्यात वीसच दिवस धंदा झाला तरी इंधन, कमिशन, विमा, देखभाल आणि स्वतःची मजुरी वजा जाऊन हप्ता निघतो का, हे आधी कागदावर मांडा. निघत नसेल तर गाडी लहान घ्या किंवा जुनी घ्या. खाजगी फायनान्सच्या दारात जाण्याआधी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात जा. बीजभांडवल योजनेत बँक ७५ टक्के, महामंडळ २० टक्के चार टक्के व्याजाने आणि आपण ५ टक्के, अशी रचना आहे. फाईल अडते, चकरा माराव्या लागतात, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून तर कार्यकर्ते लागतात. संघटनेने मोर्च्याइतकीच ताकद अशा दहा फायली पुढे सरकवायला लावावी.

एक गोष्ट शेवटी सांगितलीच पाहिजे. आपल्या घरात कर्जाला जामीन राहतो तो सरकारी नोकरीतला काका, शिक्षक मेव्हणा, आरक्षणाच्या जोरावर घराण्यात पहिला पगार आणणारा माणूस. हप्ता थकला की त्याचाही फोन वाजतो. वसुलीसाठी गुंड पाठवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये बजावले आहे. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये सांगितले आहे. हे हक्क पाठ करा, गरज पडली तर लेखी तक्रार करा. पण पिढीच्या पहिल्या पगाराला आपल्या हौसेचे तारण करू नका.

गाडी जरूर घ्या. ताठ मानेने घ्या. पण ज्या दिवशी घ्याल त्या दिवशी ती जास्तीत जास्त तुमची असेल, अशी घ्या. चार वर्षे जुनी पण पूर्ण आपली गाडी, सात वर्षांच्या हप्त्यांवरच्या कोऱ्या गाडीपेक्षा स्वाभिमानाच्या अधिक जवळ आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जय भीम!