रोखीची खरेदी मोबाईलवर, उधारी मात्र दुकानात. तालुक्याची बाजारपेठ टिकणार कशी?

तालुक्याच्या मेन रोडवरची जुनी दुकानं एकेक करून बंद व्हायला लागली की गावोगावच्या ग्रुपवर फोटो फिरतात. "इथंच आमच्या लग्नाचा बस्ता बांधला होता," असं कुणी लिहितं, खाली हात जोडल्याच्या इमोजी पडतात. हळहळ खरीच आहे. पण त्यातल्या कितीजणांनी गेल्या वर्षभरात त्या दुकानाची पायरी चढली होती?

मोठे मॉलवालेही सुटले नाहीत

किशोर बियाणी यांच्या फ्युचर ग्रुपचं बिग बझार २००१ मध्ये सुरू झालं. २६ जानेवारीच्या 'सबसे सस्ते दिन'ला तिथं रांगा लागायच्या. पुढं कर्ज वाढलं, कोरोनात धंदा बसला, जागांची भाडी थकली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सनं ही दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि बऱ्याच ठिकाणी 'स्मार्ट बाजार'ची पाटी लागली. शहरातल्या गिऱ्हाईकाचं फार अडलं नाही, तो शेजारच्या दुकानात गेला. आपल्याकडं मात्र गणित वेगळं आहे.

नफ्याचा माल गेला, वजनाचा राहिला

साखर, तेल, डाळ यात दुकानदाराला फार सुटत नाही. त्याला हात देतात कपडे, चपला, कटलरी, खेळणी, भेटवस्तू. आणि नेमकी हीच खरेदी मोबाईलवर गेली. २०१६ नंतर स्वस्त इंटरनेट आलं, यूपीआय आलं, पार्सल थेट गावात यायला लागलं. दुकानात उरलं ते वजनदार आणि कमी नफ्याचं सामान, तेही वहीवर.

समजा, एक घर महिन्याला ६ हजारांची खरेदी करतं. आधी ३ हजार रोख, ३ हजार उधार. आता रोखीचे ३ हजार ऑनलाइन जातात. सोयाबीन विकेपर्यंत किंवा उसाचं बिल येईपर्यंत ४ महिने गेले, तर एका घराकडं दुकानदाराचे १२ हजार अडकतात. अशी ५० घरं धरली तर ६ लाख. पूर्वी रोखीच्या पैशावर तो ही उधारी पेलायचा. आता घाऊक व्यापाऱ्याला काय देणार?

ॲपची उधारी पीक बघत नाही

'आता घ्या, नंतर द्या' ही सोय मोबाईलवरही आहे. पण तिथं हप्त्याची तारीख ठरलेली असते, चुकली की दंड. पाऊस लांबला, कांद्याचा भाव पडला, हे ॲपला सांगून उपयोग नाही. शेठ कुरकुर करील, चार शब्द ऐकवील, पण पट्टी येईपर्यंत बहुतेकदा थांबतो.

याचा अर्थ जुनं सगळं सोन्यासारखं होतं असं नाही. माणूस बघून भाव सांगणारे, वहीत आकडा फुगवणारे, माल परत न घेणारे दुकानदारही होतेच. मोबाईलवर सगळ्यांना भाव लिहिलेला दिसतो. बायका-पोरींना चार लोकांसमोर न मागता हवी ती वस्तू घेता येते. हे सुख कुणी सोडणार नाही, सोडावं असंही नाही.

म्हणून दुकानदारांनाही बदलावं लागेल. भाव लिहून लावा, पक्की पावती द्या, व्हॉट्सॲपवर यादी घ्या, सामान घरपोच पाठवा. आणि गिऱ्हाईकानं एवढं करावं: ज्या दुकानात वही आहे, तिथं महिन्याला थोडी तरी रोखीची खरेदी ठेवावी. अडीअडचणीला सामान देणारं दुकान रोखीवरच उभं राहतं.

ऑनलाइन घेताना फसगत झाली, तर गप्प बसू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.

तुमच्या गावात वहीवर सामान देणारी किती दुकानं उरलीत? एकदा मोजून बघा.